वंशावळीत न लिहिलेली मुले



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून एका बालरोगतज्ज्ञाने आजारांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. संयोजकांनाही आधी तसे वाटले होते. पण आजचा विषय निम्मा दवाखान्यातला आहे आणि निम्मा आपल्या घरांतल्या लेखनाचा आहे, म्हणून तो इथे मांडतो आहे. लहान मुलांना मेंदूचे आणि चयापचयाचे जे दुर्मीळ आनुवंशिक आजार होतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. त्यांच्याविषयी आपली घराणी काय लिहून ठेवतात आणि काय लिहीत नाहीत, हेही सांगणार आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुलवृत्तांत असेल, निदान हाताने काढलेली वंशावळ तरी असेल. मूळपुरुष कोण, घराणे घाटावरून इकडे बेळगाव-धारवाडकडे कधी आले, इनाम कोणते, कुलदैवत कोणते, हे सगळे त्यात हौसेने लिहिलेले असते. त्यातच मधूनमधून अशी एखादी ओळ येते : ‘अपत्ये सहा, पैकी दोन बालपणी वारली.’ कशाने वारली, किती महिन्यांची होती, दोघांची लक्षणे सारखी होती का, याबद्दल एक शब्द नसतो. काही मुले वारलीही नाहीत. ती माजघरात वीस-पंचवीस वर्षे राहिली, बोलली नाहीत, चालली नाहीत. त्यांची तर तेवढीही नोंद नसते. पूर्वीच्या काळी देवी, पटकी, धनुर्वात यांनी मुले जात, तेव्हा कारण कोण विचारणार? पण त्या न लिहिलेल्या मुलांपैकी काही अशा आजाराने गेली असणार, जो घरातच होता आणि अजूनही आहे.

हे आजार होतात कसे, ते आधी सांगतो. आपण खातो त्या अन्नाचे शरीरात तुकडे होतात, एका पदार्थाचा दुसरा होतो, दुसऱ्याचा तिसरा. या प्रत्येक पायरीवर काम करणारा एक घटक असतो, त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. तो कसा बनवायचा याची कृती आपल्या जनुकांत असते. कृतीतच चूक असेल तर ते एन्झाइम बनत नाही आणि ती पायरी बंद पडते. मोरी तुंबल्यावर जे होते तेच मग होते. अलीकडे पाणी साचते आणि पलीकडे पोहोचत नाही. साचलेला पदार्थ विषारी असेल तर वाढत्या मेंदूवर त्याचा आघात होतो. असे शेकडो आजार आज माहीत आहेत. एकेक घेतला तर विरळा, पण सगळे मिळून मोजले तर तितके विरळा नाहीत.

यातली अनेक मुले जन्मतः गुटगुटीत असतात. पोटात असताना आईचे शरीर वारेतून तो साचणारा पदार्थ काढून टाकत असते. नाळ तुटते, बाळ दूध पिऊ लागते आणि काही दिवसांत, काही आजारांत काही महिन्यांत, ते मलूल होते, ओकते, आचके देते. चांगले जन्मलेले मूल असे बिघडले की घरात काय बोलले जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. आईचे दूध बाधले, दृष्ट लागली, बाळंतिणीने पथ्य मोडले. एका आजारात बाळाच्या लघवीला जळलेल्या साखरेसारखा, आपल्या भागात सांगायचे तर गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा गोड वास येतो. असा वास येणे ही धोक्याची खूण आहे, पण तो कोणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण तो सांगण्यासारखा आहे हेच माहीत नसते.

अशा आजारांची कल्पना पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस म्हणजे लंडनचे आर्चिबाल्ड गॅरॉड. अल्काप्टोन्यूरिया नावाच्या एका विकारात बाळाचे लंगोट हवेत काळे पडतात. अशी मुले भावंडांत सापडतात आणि त्यांचे आईबाप पुष्कळदा सख्ख्या भावंडांची मुले असतात, हे गॅरॉड यांच्या लक्षात आले. १९०२ साली त्यांनी ते लिहिले. पुढे १९०८ साली त्यांनी हा सगळा विचार एका व्याख्यानमालेतच मांडला. श्रोत्यांनी ऐकून घेतला आणि पुढची कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. व्याख्यानांचे असे होते, याची मलाही कल्पना आहे.

नॉर्वेतल्या एका आईची गोष्ट मात्र तपशिलाने सांगायला हवी. बोर्ग्नी एगेलांड यांना दोन मुले होती. दोन्ही जन्मतः ठीक होती, पुढे दोघांचीही वाढ खुंटली, समज आली नाही. त्यांच्या अंगाला आणि लघवीला एक चमत्कारिक कुबट वास येई. अनेक डॉक्टर झाले, कोणी त्या वासाला महत्त्व दिले नाही. तरीही ही बाई विचारत राहिली. शेवटी १९३४ साली ओस्लोमध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासली. फॉलिंग वैद्यकाबरोबर रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी त्यात फेरिक क्लोराइड घातले आणि ते हिरवे झाले. तसे व्हायला नको होते. मग त्यांनी आईकडून लिटरच्या लिटर लघवी मागवून त्यातला पदार्थ वेगळा काढला. फिनाइलॲलनीन नावाचा प्रथिनातला एक घटक या मुलांना पचवता येत नव्हता, तो मेंदूपर्यंत साचत होता. त्यानंतर फॉलिंग यांनी मतिमंदांच्या संस्थांतल्या ४३० जणांची तपासणी केली आणि आणखी आठ जण सापडले. त्यांत भावंडे होती. या आजाराला पुढे फिनाइलकीटोन्यूरिया, थोडक्यात पीकेयू, हे नाव मिळाले.

एगेलांडबाईंच्या मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. उपचार नव्हता. तो शोधून काढायलाही एक आईच कारण झाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला हॉर्स्ट बिकेल यांच्याकडे एक लहान मुलगी होती. निदान झाले होते, पण करण्यासारखे काही नव्हते. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही आणि विचारी, काही करता येईल का? बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग फिनाइलॲलनीन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत ती मुलगी रांगू लागली, डोके आपटणे थांबले. १९५३ साली हे प्रसिद्ध झाले. आहार जितका लवकर सुरू होईल तितका मेंदू वाचतो, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे लक्षणे दिसायच्या आधी कळले पाहिजे. ते शक्य केले अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांचा स्वतःचा एक मुलगा वेगळ्या कारणाने मतिमंद होता आणि पत्नीच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू होता. बाळाच्या टाचेला टोचून टिपकागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे आणि त्यावरून आजार ओळखायचा, ही त्यांची पद्धत १९६३ साली प्रसिद्ध झाली. आज त्याच एका कागदावरून कित्येक आजार ओळखता येतात.

आपल्याकडे पाचवीच्या पूजेला पाटाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई रात्री येते आणि बाळाचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत आहे. त्या पूजेला माझा काही विरोध नाही. पण जन्मानंतर दोन दिवस उलटले की टाचेच्या रक्ताचा कागद भरता येतो, आणि त्या कागदावर जे लिहिलेले निघते त्यातले काही बदलता येते. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली होती. आपल्याकडे अजून तुम्हाला ती मागून घ्यावी लागते. घरात बाळंतपण असेल तेव्हा रुग्णालयात आवर्जून विचारा.

आता ज्या मुद्द्यासाठी मी इथे उभा आहे त्याकडे वळतो. यांतले बहुतेक आजार ज्या रीतीने उतरतात तिला सुप्त वारसा म्हणू. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम चालते. असा माणूस पूर्ण निरोगी असतो, पण वाहक असतो. नवरा आणि बायको दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तरच मूल आजारी होऊ शकते, आणि तेही प्रत्येक गरोदरपणात चारात एक या शक्यतेने. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही.

याचा अर्थ एवढाच की अशा आजारात दोष असलाच तर तो दोघांकडून सारखा आलेला असतो. तरीही माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात मी सुनेला माहेरी पाठवलेले पाहिले आहे, मुलाचे दुसरे लग्न लावून दिलेले पाहिले आहे. मुलाला माहेरी पाठवलेले एकदाही पाहिले नाही. काही आजार आईकडूनच मुलग्यांत उतरतात, हे खरे आहे. पण त्यातही आईने काही केलेले नसते. कोणत्याही माणसाने आपली जनुके निवडून घेतलेली नाहीत. आपल्यापैकी प्रत्येकजण कसल्या ना कसल्या सुप्त दोषाचा वाहक आहे, मीसुद्धा.

‘आम्ही सगोत्र लग्न करीत नाही, मग हे आमच्याकडे कसे?’ असे मला पुष्कळदा विचारले जाते. गोत्र बापाच्या बाजूने चालते. आत्या लग्न होऊन गेली की तिचे गोत्र बदलले, तिच्या मुलाचे गोत्र वेगळे, म्हणून आपल्या या भागात मामाची मुलगी करणे चालते. तिच्यावर भाच्याचा हक्कच मानतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जिथे रूढी आहे तिथे अशा लग्नाला वाट ठेवली आहे. पण जनुकाला गोत्र कळत नाही. आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असतात. मामा-भाचीच्या लग्नात ते प्रमाण एक-चतुर्थांश होते. कुलवृत्तांतातही हीच उणीव राहते. मुलगी दिली की तिची ओळ ‘अमक्या घराण्यात दिली’ एवढ्यावर संपते. आजार मात्र तिच्याबरोबर जातो आणि दोन पिढ्यांनी लग्नाच्या वाटेने परत येतो. त्याचा माग काढायला लागणारा कागद आपल्याकडे नसतो.

मी कोणाला घाबरवत नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नातली बहुतेक मुले निरोगी असतात. कोणत्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते, नात्यातल्या लग्नात ती आणखी दोन-तीनने वाढते, इतकेच. पण घरात आधीच एक आजारी मूल झाले असेल तर हिशेब वेगळा होतो.

समजा, एखादा आजार चाळीस हजारांत एका बाळाला होतो. अशा आजाराचे वाहक साधारण शंभरात एक निघतात. आजारी मुलाची एक धडधाकट बहीण आहे, लग्नाची आहे. ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तिने नात्याबाहेर लग्न केले तर नवरा वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. दोघे वाहक असले तर मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. तिन्हींचा गुणाकार करा : सहाशेत एक. आता हीच मुलगी आतेभावाला दिली असे समजा. तिचा बाप वाहक आहेच. आत्या वाहक असण्याची शक्यता निम्मी, आत्याच्या मुलाची तिच्या निम्मी, म्हणजे चारात एक. गुणाकार केला तर चोवीसात एक. पंचवीसपट फरक.

आणि घरोघरी होते ते असे. मुलाचा आजार झाकला जातो, कारण बहिणीचे लग्न अडेल. ही भीती खोटी नाही, लग्ने अडतात. मग बाहेरची स्थळे टाळली जातात आणि आत्या मायेने पुढे येते : ‘मला सगळं ठाऊक आहे, बाहेर कशाला सांगायचं? तुझी लेक माझ्या घरात दे.’ त्या आत्येच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण झाकल्यामुळे मुलगी सहाशेत एकाच्या वाटेवरून चोवीसात एकाच्या वाटेवर आली. झाकले नसते तर आधी आजाराचे नाव कळले असते, जनुकाची तपासणी झाली असती आणि ती व तिचा आतेभाऊ दोघे वाहक आहेत की नाहीत हे लग्नाआधीच समजले असते. दोघांतला एक जरी वाहक नसता तर त्या आजाराच्या बाबतीत लग्नाला काही हरकत नव्हती. उघड बोलण्याने लग्न मोडतेच असे नाही, कधीकधी ते निर्धास्तपणे होते.

झाकण्याचे ओझे मोठ्या माणसांनाही चुकत नाही. पर्ल बक या लेखिकेला १९३८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘द गुड अर्थ’ आपल्यातल्या अनेकांनी वाचली असेल, त्यातली ती न बोलणारी मुलगी आठवत असेल. १९२० साली जन्मलेल्या बकबाईंच्या स्वतःच्या मुलीला पीकेयू होता. तेव्हा त्याचे नावही कोणाला माहीत नव्हते. मुलीच्या संस्थेचा खर्च भागावा हे त्यांच्या लिहिण्यामागचे एक कारण होते. तरी मुलीविषयी उघडपणे लिहायला त्यांना १९५० साल उजाडावे लागले. त्या छोट्या पुस्तकाने किती आईबापांना बोलते केले असेल, याचा विचार साहित्यसंस्थेने करावा.

शिवाय आपल्यासारख्या लोकांना हा प्रश्न थोडा जास्त जवळचा आहे. थोडी घराणी एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे जातात, पिढ्यानपिढ्या आपसांत सोयरिकी करतात. नात्यातले लग्न कधी केले नाही तरी मागे कुठेतरी पूर्वज एक निघतात. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८१ गटांत अशा थोड्या पूर्वजांचा ठसा युरोपातल्या फिनिश आणि अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही ठळक निघाला. ज्यू समाजात टे-सॅक्स नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार होता. १९७० नंतर त्यांनी वाहकांची तपासणी सुरू केली आणि असा आजार घेऊन जन्मणारी बाळे त्यांच्यात फारच विरळ झाली. त्यासाठी त्यांना आपली ओळख सोडावी लागली नाही. बोलावे मात्र लागले.

नाव कळून उपयोग काय, मूल तर गेलेच, असे म्हणणारे आईबाप भेटतात. उपयोग मागच्या भावंडांना असतो. विल्सनच्या आजारात तांबे यकृतात आणि मेंदूत साठते. शाळेतल्या चांगल्या मुलाचे अक्षर बिघडते, बोलणे जड होते, तो चिडका होतो आणि आळशी म्हणून मार खातो. लवकर ओळखले तर आयुष्यभर घ्यायच्या गोळ्यांवर तो नीट राहू शकतो. त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच आजार असण्याची शक्यता चारात एक, आणि लक्षणांच्या आधी औषध सुरू झाले तर ते भावंड आजारी पडतच नाही. बायोटिनिडेजच्या कमतरतेत बाळाला आचके येतात, केस गळतात, अंगावर चट्टे उठतात. उपाय काय, तर बायोटिन हे जीवनसत्त्व रोज तोंडाने देणे. स्वस्त औषध आहे, वेळ मात्र गमावलेला परत मिळत नाही. आणि आजाराचे नेमके जनुक माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून गर्भाची स्थिती कळू शकते. लिंगनिदान हा गुन्हा आहे, पण आनुवंशिक चयापचय-विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात केलेल्या तपासणीला कायद्याची परवानगी आहे.

सरकारनेही उशिरा का होईना दखल घेतली आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार ठरावीक आजारांसाठी नियुक्त केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम, हैदराबादचे निम्स, बंगळूरचे सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स ही त्यांतली आपल्याला जवळची केंद्रे. तिथे गेल्यावर समुपदेशक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे कागद घेऊन तुमची वंशावळ काढतात. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आजारी असेल ते भरलेले, गेले असेल त्यावर तिरकी रेघ. जन्मून चार दिवसांत गेलेले मूलही त्यात काढतात. आपल्या कुलवृत्तांतात जे नसते ते त्या एका कागदावर असते.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. या सभागृहात जे कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायच्या विचारात आहेत, त्यांनी गावे, इनामे, पदव्या जरूर लिहाव्यात. त्याबरोबर घरात एक वही ठेवावी, ती छापू नये, पण सांभाळावी. कोणते मूल कोणत्या महिन्यात गेले, आधी ठीक होते का, आचके येत होते का, अंगाला कसला वास होता का, हे घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारून लिहावे. त्यांना सगळे आठवते, त्यांना कोणी विचारलेले नसते. दिलेल्या मुलींची आणि त्यांच्या मुलांचीही ओळ पुढे न्यावी. दवाखान्याचे कागद मूल गेल्यावर नदीत सोडू नयेत. आणि अत्यवस्थ मुलाच्या रक्ताचा नमुना राखून ठेवायचा का, असे डॉक्टरांनी विचारले तर मन घट्ट करून हो म्हणावे. त्या वेळी ते क्रूर वाटते. पुढे कधीतरी तुमच्या नातीला किंवा भाचीला तोच नमुना उपयोगी पडेल.

जी मुले बोलली नाहीत त्यांच्या वतीने एवढे लिहून ठेवणे आपल्याला जमण्यासारखे आहे.